हात केला की थांबते

मंगळवार, ४

पाय सुजले आहेत. बूट काढले तर सकाळी पुन्हा चढणार नाहीत, या भीतीने ते तसेच ठेवून खाटेवर बसले आहे. खाली धुलाईचे दुकान आहे. यंत्र फिरायला लागले की खाट हलते आणि फरशी गरम होते. ताई केव्हाच घोरायला लागली. तिचे काय, ती वाण्याच्या पोत्यांवरही झोपेल.

विमान उतरले ते दादूच्या गावापासून देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. इथपर्यंतचे तिकीट निम्म्याने स्वस्त होते. दादू म्हणजे ताईचा लेक, माझा भाचा. त्याच्या बायकोला या महिन्याच्या अखेरीची तारीख दिली आहे, म्हणून आम्ही दोघी निघालो. विमानाची तिकिटे त्यानेच काढली, आणि पाठोपाठ त्याची नोकरी अर्ध्या वेळेवर आली. तेव्हा ताईने त्याला फोनवर बजावले, "पुढचं आम्ही बघतो. तू आता खिशात हात घालायचा नाहीस." आम्ही म्हणजे माझे विमा कचेरीतले निवृत्तिवेतन आणि ताईची पोस्टातली पुंजी. हिंडण्याइतकी नाही. पोचण्याइतकी आहे, तीही जपून गेलो तर.

शहरात यायला विमानतळावर एक चकचकीत रेल्वे होती. मी सरळ तिकडे निघाले होते. ताईने मला दर वाचायला लावला, त्याचे रुपये करायला लावले आणि म्हणाली, "एवढ्यात सासुरवाशीण चार वेळा माहेरी जाऊन येईल, वर आहेर घेऊन." मग सामानावर बसून ती नुसती बघत राहिली. झाडलोट करणाऱ्या बायका पाळी संपवून कपडे बदलून बाहेर पडत होत्या, आणि सगळ्या एकाच बाजूला जात होत्या. "या काय घरी विमानाने जातात?" म्हणत ताई उठली. आम्ही बॅगा ओढत त्यांच्यामागे. मालाच्या गोदामांच्या पाठीमागे एक जुनी बस उभी होती. भाडे किरकोळ.

"मड्डम, विचार त्या बाईला, गावात जाते का ही."

मी मड्डम. घरात कॉन्व्हेंटला मी एकटीच गेले. दोघींची फी बाबांना झेपली नसती, म्हणून ताई नगरपालिकेच्या शाळेत आणि मी सिस्टरांकडे. पांढरे मोजे घालून पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा ताईने ठेवलेले नाव अजून चालू आहे. आता साठी उलटली. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो, आणि या सगळ्या वर्षांत मी तिच्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकलेले नाही.

बसमध्ये ती म्हणाली, "रस्ता नीट बघून ठेव. परत जाताना मी असेनच असं नाही."

"शुभ बोल गं," मी म्हटले.

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. भावोजी गेल्यापासून तिला ही मरणाची भाषा बोलायची खोडच लागली आहे. मी मनावर घेत नाही.

सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, डायरी इंग्रजीत लिही, भाषा सुधारेल. दमले की मला मराठीच येते.


बुधवार, ५

आज एका परक्या रस्त्यावर मला रडू आले. आत्ता लिहिताना लाज वाटते.

लांब पल्ल्याच्या बसचा अड्डा गावाच्या पार पलीकडे. तिथवर नेणारी बस खोलीसमोरूनच जाते, असे धुलाईवालीने सांगितले. थांबा म्हणजे जमिनीत रोवलेला एक खांब. ताई पुन्हा एकदा न्हाणीघरात जाऊन येते म्हणाली. मी साडीवरच्या कोटाची बटणे लावून, पाय जुळवून, पर्स दोन्ही हातांत धरून उभी. बस आली आणि न थांबता गेली. म्हटले, भरलेली असेल. दुसरी आली. ती चांगली रिकामी होती. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलेसुद्धा. आणि गेला.

काय वाटले ते सांगता येत नाही. वाटले, माझ्या रंगाकडे बघून गेला. साडीकडे बघून गेला. आयुष्यभर इतके स्वच्छ, इतके नीट राहिले त्याचे हेच फळ.

ताई आली. "गेली का?"

"दोन गेल्या. आपल्याला घेत नाहीत."

"घेत नाहीत म्हणजे? बस आहे का त्याच्या बापाचा बंगला?"

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारा आला आणि खांबाशी टेकला. बस दिसताच त्याने हात लांब केला. बस थांबली. मी त्याला विचारले तर त्याला माझाच प्रश्न कळेना. हात केल्याशिवाय कशी थांबेल, म्हणाला, तुम्ही उन्हात उभ्या आहात की बससाठी, ते त्याला कसे कळणार?

ताई अड्ड्यापर्यंत हसत होती. "मड्डम उभी कशी होती? फोटो काढायला! अगं, त्याला वाटलं असेल पुतळा आहे."

तिला काय सांगू? सिस्टरांनी आम्हांला पाठ करून घेतले होते. रस्त्यात मुलीने धावायचे नाही, हाक मारायची नाही, हात उंचावायचा नाही. कोपर कमरेशी. गाडी आपल्यासाठी असेल तर थांबेल. ते हाडांत जाऊन बसले आहे. आमच्या गावी बस प्रत्येक थांब्यावर थांबायची आणि नसली थांबत तर हात करायला ताई होतीच.


गुरुवार, ६

भांडण झाले. म्हणजे मी भांडले. ताई भांडत नाही, ती जांभई देते.

रात्र अड्ड्याजवळच काढली. तिथून दादूच्या बाजूला दोन बस जातात. एक संध्याकाळपर्यंत बंदरावर सोडते. दुसरी गावागावांत शिरते, वाटेत मुक्काम करायला लावते आणि दोन दिवस खाते. भाड्यात फरक होता, पण मुक्कामाच्या खोलीचे पैसे धरले तर तोही उरत नव्हता. हे मी तिला नीट समजावून सांगितले.

"ही बरी," ताई म्हणाली आणि सावकाश बसमध्ये चढून बसली.

"यात काय वाचलं?"

"घाई वाचली."

काटकसरीचे खूळ डोक्यात शिरले की माणसाला हिशेबही दिसत नाही. मी तासभर बोलले नाही. तिने मला उकडलेले अंडे सोलून दिले. मी खाल्ले, पण बोलले नाही.

मग तिचा नवा खेळ सुरू झाला. प्रत्येक गाव गेले की विचारते, "आता उलटं सांग. परत जाताना आधी काय येईल?" मघाच्या गावात पाण्याची टाकी होती की देवळासारखी दिसणारी शाळा? डाव्या हाताला की उजव्या? मी म्हटले, "मी चौथीत आहे का?" म्हणाली, "चौथीतली पोरं हुशार असतात."

दुपारी बस बदलायची होती. तिकीट मी काढायचे, वेळापत्रक मी वाचायचे, ड्रायव्हरला विचारायचे तेही मी. ही बाकावर पाय पसरून बसणार आणि म्हणणार, "मी झोपते. तू लक्ष ठेव. चुकली तर चुकली." बस दिसली तसा मी हात केला. केला म्हणजे कोपरापासून पुढे, वर्गात शंका विचारायला करतात तसा. वेग काही कमी होईना. मागून ताईने छत्रीसकट हात उंच केला तेव्हा थांबली. झोपली नव्हतीच तर.

तिची बॅग माझ्या दुप्पट जड आहे. दीड महिन्यासाठी तिने जाडे लोकरी कपडे घेतले आहेत, पातळ सुतीही घेतले आहेत, शिवणाची कात्री घेतली आहे आणि भावोजींचा चौकटीतला फोटो साड्यांत गुंडाळून घेतला आहे. "त्यांनाही परदेश बघू दे," म्हणते. चढता-उतरताना ती बॅग मी धरते. माझे खांदे गेले आहेत.

निघायच्या आधीही तिचे असेच चालले होते. गॅसची टाकी कशी बदलायची, विजेचे बिल कुठे भरायचे, नळवाल्याला कसे हाकायचे. माझी खाटसुद्धा तिने तिच्या खोलीत, खिडकीशी हलवली. म्हणाली, "उजेड तुला लागतो वाचायला." वय झाले की माणसाला असल्या लहरी येतात.


शनिवार, ८

काल काही लिहिले नाही. काल नुसता रस्ता होता.

आज मात्र मजा झाली. अंग ठणकते आहे तरी लिहिते.

बंदरावरून पलीकडे जायला मोठी बोट असते, तिच्यात मोटारीही चढतात. पायी जाणाऱ्यांचे तिकीट सुट्टीच्या दिवसांमुळे वाढलेले. मी पाटी मोठ्याने वाचत होते: मोटारीचे तिकीट एकच, आत माणसे कितीही असोत.

"परत वाच," ताई म्हणाली.

परत वाचले. तिचे डोळे कसे चमकले ते मला ठाऊक आहे. लहानपणी दुसऱ्याच्या झाडावरचे पेरू बघून असेच चमकायचे. ती मोटारींच्या रांगेतून काचांशी डोळे लावून रिकाम्या जागा बघत निघाली. मी मागून, जमिनीत गडप होता आले तर बरे, अशी. एकाने काच वर केली. त्याच्या मागच्या बाकावर ऐसपैस कुत्रा.

"कुत्र्याला जागा आहे, आपल्याला नाही," मी म्हटले.

"कुत्र्याला बॅगा नसतात, मड्डम."

शेवटी एक बंद गाडी दिसली, मालाची, पुढे तिघांपुरता सलग बाक. आत एक पिकल्या मिशीचा माणूस पाव खात होता. "विचार," ताईने मला कोपराने ढोसले. अनोळखी पुरुषाच्या गाडीत बसू नये, हा तर सिस्टरांचा पहिला नियम. पण पायांत उभे राहायचे त्राण नव्हते. मी विचारले. बहुधा फारच अदबीने विचारले, कारण तो पाव खाली ठेवून हसला. म्हणाला, "माझ्या बायकोला मी लग्नाचं विचारलं तेव्हाही इतकं सुंदर वाक्य मला सुचलं नव्हतं. बसा."

तो पियानो दुरुस्त करणारा निघाला. गाडीत मागे तारा, लोकरीचे गोळे, लाकडी हातोड्या. मी सांगितले की आमच्या शाळेच्या सभागृहातही पियानो होता, आणि पावसाळ्यात तो दमट होऊ नये म्हणून सिस्टर त्याच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवत. रात्री लाकडाच्या फटीतून उजेड यायचा. आम्हांला वाटायचे पियानोला स्वप्न पडते आहे. तो मान डोलावत राहिला. त्याने विचारले, अजून वाजवता? मी म्हटले, शाळा सुटली तसा पियानोही सुटला.

बोटीवर वरच्या मजल्यावर वारा खात बसलो. ताईला मी सगळे मराठीत सांगितले.

"मला माहीत आहे तो पियानो," ती म्हणाली. "एक पट्टी वाजायची नाही. तू तिथं आलीस की गाण्याला भोक पडायचं."

"तुला काय माहीत?"

"तुला घ्यायला यायचे ना रोज. कुंपणाबाहेर उभी राहायचे. लवकरच यायचे मी."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

तिने शाल डोक्यावरून घेतली. खरेच, तिची शाळा माझ्या आधी सुटायची आणि आमच्या शाळेचे फाटक दूर होते. ती धावत येत असणार. धावायला तिला कुणी मनाई केली नव्हती.

पियानोवाल्याने पलीकडे उतरवले नाही, तासभर पुढे एका गावापर्यंत आणून सोडले. पैसे घेतले नाहीत. त्याला हात करून झाल्यावर ताई म्हणाली, "परत जाताना गाडी बघशील तर आत एखादी बाई बसलेली बघ."

"दोघी असताना कशाला भ्यायचं?"

ती म्हणाली, "चल, खोली शोधू."


सोमवार, १०

पोचलो. शेवटची बस थेट दादूच्या दारासमोर थांबते, म्हणजे हात केला तर. वाटेत ताईने इथली पाण्याची टाकीही मला उलटी विचारून घेतली. उतरताना घंटी मारावी लागते, ती ताईने मला मारायला लावली.

दादू धावत खाली आला आणि आईच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. वाळला आहे. सूनबाईचे पोट खूप खाली आले आहे. ती मला वाकून नमस्कार करायला लागली तर मीच तिला धरले. घर दोन खोल्यांचे. स्वच्छ आहे, पण दोघांच्याही चेहऱ्यावर रात्र-रात्र न झोपल्यासारखे काही आहे. सूनबाईची नोकरी चांगली आहे. मूल झाल्यावर लगेच रुजू झाली नाही तर जाईल म्हणाली. बाळ सांभाळणाऱ्या बाईचा इथला पगार दादूच्या पगाराहून जास्त आहे. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. बिचारी लाजली.

ताईला बाळाच्या खोलीत खाट आणि एक कपाट दिले आहे. मला बैठकीतला कोच. बरोबरच आहे. ती सासू, मी पाहुणी. ताईने सगळी बॅग कपाटात रिकामी केली. फोटो भिंतीला टांगला. त्यासाठी दादूने खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

गरम पाण्यात पाय सोडून बसले. स्वर्ग.


शुक्रवार, २८

मुलगी झाली! दोघी सुखरूप. नाक थेट भावोजींचे. ताईने तिला हातात घेतले आणि माझ्याकडे पाहिले. इतके आनंदाचे असून तिच्या डोळ्यांत असे काय होते? दमली असेल. मीही दमले आहे. रात्रंदिवस कपडे, बाटल्या, पाणी. आम्ही दोघी मिळून एका बाईएवढे काम करतो.


मंगळवार, ९

दिवा न लावता लिहिते आहे. अक्षर वाईट येईल.

सकाळी सूनबाई बाळाला पाजत होती, मी लंगोट वाळत घालत होते. ती सहज म्हणाली, "मावशी, एकट्या नीट जाल ना? आई रोज सांगतात, मड्डमला सगळा रस्ता शिकवून आणलाय, आता ती डोळे मिटून जाईल."

"एकटी?" मी म्हटले.

तिचे तोंड उतरले. तिला वाटले होते मला ठाऊक आहे.

ताई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी दारात उभी राहिले.

"तू येणार नाहीस."

सुरी थांबली. "नाही."

"कधीपर्यंत?"

"ही शाळेत जाईपर्यंत तरी. मग बघू. तेव्हा मी किती असेन कोण जाणे."

"आणि हे मला सुनेकडून कळावं?"

"मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, त्या झाडूवाल्यांच्या बसमध्ये."

"मला वाटलं तू मरणाचं बोलतेस!"

"मरणाचं कशाला बोलू? मरायला निघाले तर तुला आधी सांगून निघेन का?" आणि ती हसली. मग कांद्याच्या हातानेच डोळे पुसायला गेली आणि आणखीच झोंबले. मी पाण्याचा तांब्या भरून दिला. रागात असले तरी पाणी दिले.

मी म्हटले, "मला विचारायचं होतंस. निघायच्या आधी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. लगेच. मग गेली असतीस खोलीत आणि बसली असतीस रडत. आणि मी काय निघाले असते मग?" डोळे मिटूनच बोलत होती. "इथं या दोघांचं घर मोडायला आलंय, बाई. पैशापायी रोज भांडतात. तूही राहा म्हटलं असतं. पण दोन म्हाताऱ्या पोसायच्या म्हणजे हे आणखी खड्ड्यात."

"म्हणून ती सावकाश बस?"

तिने पाठ फिरवली. नळ सोडून तोंड धूत राहिली. पाणी वाया जात होते, आणि पाणी वाया गेलेले तिला कधी खपत नाही.

दुपारभर कोचावर भिंतीकडे तोंड करून पडले. घरी जाऊन मी कुणाशी बोलू? सकाळचा चहा कुणासाठी टाकू? खिडकीशी हलवलेली ती खाट सारखी डोळ्यांसमोर येते.


शुक्रवार, १२

बोलत नाही मी तिच्याशी. म्हणजे "मीठ दे" एवढे बोलते.

आज बाळ कळ लागून रडत होते. कुणाकडेच राहीना. ताईने तिला पालथे घेतले, पाठीवर थापटत घरभर फिरली आणि गुणगुणायला लागली. कुठलेसे सूर होते. मी ताट पुसता पुसता थांबले. आमच्या शाळेतली सकाळची चाल. शब्द नाहीत, तिला ते कधी कळलेच नाहीत, पण चाल जशीच्या तशी. आणि मधे एका ठिकाणी सूर गाळायची. मग पुढे.

बाळ झोपले. मी जाऊन ताईच्या शेजारी बसले.

"तिथं सूर आहे," मी म्हटले. "तो नुसता पियानोत वाजायचा नाही."

"मग दाखव."

मी गाऊन दाखवला. तिने परत म्हटले, आणि पुन्हा गाळला.

"राहू दे," म्हणाली. "मला असंच येतं."


बुधवार, १७

बसमध्ये लिहिते आहे. हादरे बसतात.

दादू म्हणत होता भाड्याची मोटार करतो, बंदरापर्यंत सोडतो. मी नको म्हटले. "बसने जाईन. रस्ता पाठ आहे." तो आईकडे बघायला लागला. ताई म्हणाली, "जाऊ दे तिला. पास होईल."

मला डबा करून दिला. अंडी सोलूनच ठेवली होती. माझ्या पायांत तिचे मोजे आहेत, जाडे. दारात तिने माझ्या कोटाची बटणे लावली, सगळ्यांत वरचेसुद्धा, जे मी कधी लावत नाही. मी तिच्या पाया पडले. बोलायला गेले असते तर दादूसमोर अवघड झाले असते.

बंदराकडे जाणाऱ्या बसचा खांब रस्त्याच्या पलीकडे आहे. ताई अलीकडे, घरासमोरच्या खांबाशी उभी राहिली. बाळ आत झोपलेले, म्हणून फार लांब येता येत नव्हते तिला. मी पलीकडे जाऊन उभी राहिले. पाय जुळवून. पर्स दोन्ही हातांत.

बस आली. मी हात केला नाही.

विसरले नव्हते. बस पुढून निघून गेली, आणि पलीकडे ताई तशीच उभी दिसली, कमरेवर हात ठेवून.

"अगं मड्डम!" त्या शांत रस्त्यावर ती एवढ्याने ओरडली की वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. "हात कर ना!"

मी मान हलवली.

"पुढची यायला वेळ आहे! थंडीत मरशील!"

"मरू दे!" मीही ओरडले. रस्त्यात. आयुष्यात पहिल्यांदा.

ती हसायला लागली. मी इकडे, ती तिकडे. मधून सायकली गेल्या, एक दुधाची गाडी गेली. ताई रस्ता ओलांडून आली नाही आणि मीही गेले नाही. नुसत्या उभ्या. एवढा वेळ मी तिच्याकडे कधी बघितले होते ते आठवेना. केस पार पांढरे झाले आहेत तिचे.

मग वळणावर पुढची दिसली. ताईनेही पाहिली. ती काही ओरडली नाही आता.

मी पर्स एका हातात घेतली आणि हात केला. कोपरापासून नाही. खांद्यापासून, बोटे लांब करून, जेवढा वर जाईल तेवढा. काखेत कोटाची शिवण उसवली, आवाज ऐकू आला. बस थांबली.

ड्रायव्हरला पैसे दिले, बंदर म्हटले, खिडकीशी येऊन बसले. ताईने निरोपाचा हात उंच केला होता आणि जोरजोराने हलवत होती. तेवढ्यात तिच्या बाजूने, उलट दिशेची बस आली. ड्रायव्हरने हात पाहिला. ती बस तिच्यासमोर थांबली आणि दार उघडले.

मला ताई दिसेनाशी झाली. फक्त आवाज आला, दोन्ही बसच्या काचांमधून, ठणठणीत मराठीत: "तुला नाही रे बाबा! तुला नाही! जा तू!"

तो बिचारा दार उघडे ठेवून तसाच उभा. आमची बस सुटली.

अख्ख्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. मागच्या बाकावरच्या बाईने मला काही न विचारता तिचा रुमाल दिला. अजून माझ्याकडेच आहे.

आता डाव्या हाताला पाण्याची टाकी येईल.